दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर नेमके किती?

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



भूगोलाच्या तासाला विचारला जाणारा सर्वांत सोपा प्रश्न म्हणजे 'या शहरापासून त्या शहराचे अंतर किती?' उत्तर एका आकड्याचे असते, ते पाठ करता येते आणि त्याला एक गुण मिळतो. दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन नगरांविषयी हाच प्रश्न विचारला, तर मात्र परीक्षकाची पंचाईत होईल. एक विद्यार्थी लिहील, सुमारे १२,४०० किलोमीटर. दुसरा लिहील, १३,९००. तिसरा लिहील, १५,३००. तिघांनाही पूर्ण गुण द्यावे लागतील. कारण पहिला आकडा भूमितीने दिलेला आहे आणि उरलेले दोन्ही आकडे प्रवाशांनी भरलेल्या विमानांनी प्रत्यक्ष कापलेल्या वाटांचे आहेत. त्यातही नवल असे की, १५,३०० किलोमीटरची वाट १३,९०० किलोमीटरच्या वाटेपेक्षा लवकर संपते.

साठ वर्षे चाललेल्या शाळेचे विद्यार्थी दूरदूरच्या नगरांत विखुरलेले असतात. त्यांच्या घरांतून 'किती लांब गेला आहे?' हा प्रश्न रोज विचारला जातो. म्हणूनच या एका वाटेचा हिशेब थोडा सावकाश मांडून पाहणे योग्य ठरेल.

प्रारंभ वर्गातील दोन वस्तूंपासून करावा लागेल : भिंतीवरचा नकाशा आणि टेबलावरचा पृथ्वीगोल. नकाशावर पट्टी ठेवून दिल्लीपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत पश्चिमेकडे रेघ ओढली, तर ती पश्चिम आशिया, उत्तर आफ्रिका, अटलांटिक महासागर आणि अमेरिकेची संपूर्ण रुंदी अशी जाते. रेघ सरळ आहे, म्हणून वाट जवळची असेल असे कोणालाही वाटते. प्रत्यक्षात त्या रेघेवरून पृथ्वीवर चालत गेले, तर साडेअठरा हजार किलोमीटरांहून अधिक वाट तुडवावी लागेल. आता पृथ्वीगोलावर एक दोरा घ्यावा, त्याचे एक टोक दिल्लीवर व दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर धरावे आणि तो ताणावा. दोरा पश्चिमेलाही जात नाही आणि पूर्वेलाही जात नाही. तो उत्तरेकडे सरकतो. हिमालय आणि तिबेटच्या पठाराची पश्चिम कड ओलांडून तो शिनजियांगमध्ये शिरतो, अल्ताई पर्वतावरून सायबेरियात उतरतो, आर्क्टिक महासागरावर साधारण ७५ उत्तर अक्षांशापर्यंत चढतो आणि अलास्कावरून कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगत खाली येतो. त्याची लांबी सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. भिंतीवरची सरळ रेघ ही खरी वाकडी वाट होती; गोलावरचा वाकडा दिसणारा दोरा हाच सरळ मार्ग. गोलाच्या पृष्ठभागावरील अशा सर्वांत जवळच्या मार्गाला महावर्तुळ मार्ग म्हणतात. कारण तो पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने कापलेल्या मोठ्या वर्तुळाचा भाग असतो.

नकाशा खोटे बोलला काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. भिंतीवर टांगला जाणारा जगाचा परिचित नकाशा बहुधा गेरार्डस मर्केटर याने १५६९ मध्ये सिद्ध केलेल्या पद्धतीचा असतो. तो खलाशांसाठी होता. होकायंत्राची दिशा एकच ठेवून जहाज हाकारले, तर त्याची वाट नकाशावर सरळ रेघ दिसावी, एवढेच त्याचे उद्दिष्ट होते आणि ते त्याने चोख साधले. त्या सोयीची किंमत म्हणून ध्रुवांकडचे प्रदेश फुगले. ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसू लागले. वस्तुतः आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे. दिशा सांगण्यासाठी केलेल्या साधनाला अंतर विचारणे हा विचारणाऱ्याचा दोष होय.

पृथ्वी गोल आहे आणि तिच्यावरील अंतर कोनाने मोजावे, हे भारताला परदेशातून शिकावे लागलेले नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी, 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ पूर्ण केला. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखामुळे त्यांच्या घराण्याचा महाराष्ट्राशी असलेला संबंध सर्वपरिचित आहे. पृथ्वी गोल असेल तर ती सपाट का दिसते, या शंकेला त्यांनी दिलेले उत्तर आजच्या वर्गातही जसेच्या तसे सांगता येईल. वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सपाट भासतो. पृथ्वी अतिशय मोठी आणि माणूस अतिशय लहान. त्याला दिसतो तो तेवढाच तुकडा, म्हणून त्याला ती सपाट वाटते.

त्याच ग्रंथात दोन नगरांमधील अंतरावरून पृथ्वीचा परिघ काढण्याची रीत आहे. दक्षिणोत्तर रेषेवरील दोन नगरे घ्यावीत, त्यांच्या अक्षांशांतील फरक मोजावा, मधले अंतर मोजावे आणि त्रैराशिक मांडावे. जुन्या ज्योतिषांची मध्यरेषा लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र आणि मेरू यांवरून जाते, असे मानले जाई. त्यातील दोन गावे घेऊन आजच्या मापांत हिशेब करता येतो. उज्जैन सुमारे २३.२ अंशांवर, कुरुक्षेत्र सुमारे ३० अंशांवर. फरक ६.८ अंशांचा. दोहोंतील दक्षिणोत्तर अंतर सुमारे ७५५ किलोमीटर. ६.८ अंशांना ७५५ किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? उत्तर सुमारे ४०,००० किलोमीटर येते आणि तोच पृथ्वीचा परिघ आहे. पाचवी-सहावीच्या गणिताने अख्खी पृथ्वी हातात येते.

हेच त्रैराशिक उलट फिरवले की विमानाचे अंतर मिळते. पृथ्वीच्या केंद्रातून पाहिले असता दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये सुमारे १११.३ अंशांचा कोन होतो. एका अंशाला सुमारे १११.२ किलोमीटर. गुणाकार केला की १२,४०० च्या जवळ उत्तर येते. वैमानिक आणि खलाशी आजही ज्या सागरी मैलात अंतर मोजतात, तो मैलही याच विचारातून जन्मला : अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला आणि अक्षांशाच्या एका कलेएवढे अंतर म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर.

येथपर्यंत भूमिती. आता आकाश.

दोऱ्याने दाखवलेली वाट विमानाला जशीच्या तशी घेता येत नाही. पहिला अडसर पर्वताचा. विमान अकरा-बारा किलोमीटर उंचीवरून जाते. तेथून एव्हरेस्टही खालीच राहते. मग अडचण कसली? अडचण संकटकाळाची. केबिनमधील हवेचा दाब अकस्मात नाहीसा झाला, तर विमानाला तातडीने सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत उतरावे लागते, जेथे माणसाला मुखवट्यावाचून श्वास घेता येतो. आसनावर लोंबणाऱ्या मुखवट्यांतील प्राणवायू थोडी मिनिटेच पुरतो. तिबेटचे पठारच सरासरी साडेचार किलोमीटर उंच आहे. उतरायला तेथे खाली जागाच नाही. म्हणून प्रवासी विमाने शक्यतो त्या पठाराला वळसा घालतात.

दुसरा विचार वाऱ्याचा, आणि तिसऱ्या विद्यार्थ्याच्या उत्तराचे रहस्य येथे आहे. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को ही थेट सेवा सुरू केली. ते विमान पश्चिमेकडे, अटलांटिकवरून जात असे आणि त्या वाटेची लांबी सुमारे १३,९०० किलोमीटर होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याच सेवेचे विमान पूर्वेकडे वळवण्यात आले. पॅसिफिक महासागरावरून त्याने सुमारे १५,३०० किलोमीटर अंतर साडेचौदा तासांत कापले. चौदाशे किलोमीटर अधिक जाऊनही प्रवास सुमारे दोन तासांनी कमी झाला.

यावर अनेकांचे उत्तर तयार असते : पृथ्वी फिरते, म्हणून. हे उत्तर चुकीचे आहे. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते आणि विमान त्या वातावरणातच उडत असते. धावत्या आगगाडीच्या डब्यात उडणाऱ्या माशीला इंजिनाकडे जाताना अधिक कष्ट पडत नाहीत. खरे कारण वाऱ्यांचे आहे. मध्यम अक्षांशांच्या प्रदेशांत, विमाने उडतात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिवेगवान वाऱ्याचे अरुंद प्रवाह वाहतात. विषुववृत्ताकडील उष्ण आणि ध्रुवाकडील थंड हवेतील तफावत त्यांना बळ देते आणि पृथ्वीचे परिवलन त्यांना पूर्वेकडे वळवते. हवेच्या तुलनेत ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला दीडशे किलोमीटरचा वारा पाठीशी लाभला, तर जमिनीवरून त्याचा वेग १,०५० होतो. तोच वारा तोंडावर आला, तर ७५० उरतो. १५,३०० ला साडेचौदाने भागले की ताशी सुमारे १,०५५ किलोमीटर येतात. पूर्वेकडच्या वाटेने वाऱ्याची पाठराखण घेतली होती, हे त्या भागाकारातच दिसते.

या वाऱ्यांची एक कथा शाळेच्या व्यासपीठावरून सांगण्याजोगी आहे. जपानमधील तातेनो येथील वेधशाळेचे प्रमुख वासाबुरो ओइशी यांनी १९२० नंतरच्या दशकात फुगे सोडून या उंचावरील वाऱ्यांचे मापन केले. आपले काम साऱ्या जगाला वाचता यावे, या सद्भावनेने त्यांनी १९२६ मध्ये त्याचा अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम जागतिक भाषेत प्रसिद्ध केला. ती भाषा जाणणारे थोडे. अहवालाकडे जगाचे लक्षच गेले नाही. १९४४ मध्ये अमेरिकी बाँबफेकी विमाने जपानवर उंचावरून उडू लागली, तेव्हा त्या वाऱ्यांनी वैमानिकांना चकित केले. ओइशींच्या अहवालात ते आधीच नोंदलेले होते. ज्ञान असणे पुरेसे नसते. त्या ज्ञानाच्या भाषेत वाचणारी माणसे असावी लागतात. आपल्या भाषेचे वाचक घडवण्याचे काम ज्या शाळा करतात, त्यांना या कथेचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही.

तिसरा विचार परवानगीचा. १९४४ च्या शिकागो करारातील पहिल्याच कलमाने प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरील आकाशाचे पूर्ण आणि अनन्य स्वामित्व मान्य केले. त्यामुळे आकाशाला कुंपण दिसत नसले, तरी ते आहे. २०१९ च्या फेब्रुवारीअखेरीस पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते जुलैच्या मध्यापर्यंत; त्या काळात दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून वळसा पडला. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी ते पुन्हा बंद झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यानंतर पाश्चात्त्य देशांच्या विमानांना रशियाचे आकाश मिटले. भारतीय विमानांना ते खुले राहिले. दोन नगरे जागची हलली नाहीत, दोरा तेवढाच राहिला. पण एका देशाच्या विमानाला ती जवळ राहिली आणि दुसऱ्या देशाच्या विमानाला दूर गेली. वळशाचा प्रत्येक तास म्हणजे मोठ्या विमानाला कित्येक टन इंधन. शिवाय पुढच्या तासांचे इंधन वाहून नेण्यासाठीही इंधन जाळावे लागते. हा खर्च तिकिटात उतरतो आणि त्याचा धूर सर्वांच्या हवेत.

दोऱ्याच्या सर्वांत जवळ जाणारी वाट ध्रुवाकडची. १५ ऑगस्ट २०१९ रोजी एअर इंडियाच्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाने ध्रुवीय मार्ग घेतला. ९ जानेवारी २०२१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेले विमान उत्तर ध्रुवाकडच्या मार्गाने ११ जानेवारीच्या पहाटे बेंगळुरूला उतरले; या दोन नगरांतील थेट अंतर १३,९९३ किलोमीटर. त्या विमानाच्या वैमानिक कक्षात सर्व स्त्रिया होत्या : कॅप्टन झोया अगरवाल, कॅप्टन पापागरी तन्मई, कॅप्टन आकांक्षा सोनावरे आणि कॅप्टन शिवानी मन्हास. ध्रुवाजवळ चुंबकीय होकायंत्रावर विसंबता येत नाही. साधारण उणे ४७ अंशांच्या खाली विमानाचे इंधन गोठू लागण्याची भीती असते. म्हणून टाकीतील तापमानावर सतत नजर ठेवावी लागते आणि प्रसंगी उंची वा वाट बदलावी लागते. जुन्या ज्योतिषांनी ज्याला मेरू म्हटले आणि जेथे सहा महिन्यांचा दिवस असतो असे गणिताने जाणले, त्या प्रदेशावरून ही मंडळी आपल्या कामाचा भाग म्हणून गेली.

परंतु जवळच्या वाटेला एक अट असते, आणि तीच या हिशेबातील सर्वांत महत्त्वाची बाब आहे. दोन इंजिनांच्या विमानाला केवळ जवळचा मार्ग शोधून चालत नाही. त्या मार्गावर कोठेही एक इंजिन बंद पडले, तर उरलेल्या एकाच इंजिनावर ठरावीक वेळेत पोहोचता येईल असा विमानतळ आसपास असावाच लागतो. नकाशावर जेथे काहीच दिसत नाही, अशा ओसाड किनाऱ्यावरची एखादी धावपट्टी या नियमामुळे शेकडो माणसांच्या जिवाचा आधार बनते.

६ जून २०२३ रोजी हा नियम कागदावरून जमिनीवर उतरला. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानात एका इंजिनाबाबत तांत्रिक बिघाडाची सूचना मिळाली. विमानात २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी होते. वैमानिकांनी ते रशियाच्या अतिपूर्वेकडील, ओखोत्स्क समुद्राकाठच्या मगादान येथे सुखरूप उतरवले. ज्या गावाचे नावही बहुतेकांनी कधी ऐकले नसेल, तेथे २३२ माणसे अचानक पाहुणी झाली. सामान विमानातच राहिले. भाषा अनोळखी, अन्न अनोळखी. गावात एवढ्या माणसांची सोय होईल असे विश्रामगृह नव्हते. काहींना वसतिगृहात नेण्यात आले आणि काहींना एका शाळेत. तेथे जमिनीवर गाद्या अंथरल्या गेल्या. वृद्ध प्रवासी, लेकुरवाळ्या स्त्रिया आणि अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली माणसे त्यांवर निजली. दुसऱ्या दिवशी मुंबईहून दुसरे विमान खाद्यपदार्थ घेऊन निघाले आणि ८ जून रोजी सर्वजण सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचले. एरवी सोळा-सतरा तासांत संपणारी वाट त्या वेळी दोन दिवसांहून अधिक लांबली.

त्या दोन दिवसांत दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांमधील अंतर किती होते, हे दोऱ्याने सांगता येणार नाही. ते ठाऊक होते दोन्ही टोकांना जागणाऱ्या घरांना. हल्ली भ्रमणध्वनीच्या पडद्यावर विमानाचे छोटेसे चित्र सरकताना दिसते. वर्गात पृथ्वीगोलाला कधी हात न लावलेली आईही त्या चित्राच्या मागोमाग सायबेरिया ओलांडते. चित्र अकस्मात एका अपरिचित किनाऱ्याकडे वळते, तेव्हा तिला आकडा नको असतो. खाली जमीन आहे आणि त्या जमिनीवर कोणी दार उघडणारे आहे, एवढेच कळायला हवे असते. मगादानमध्ये ज्या दारांतून प्रवासी आत गेले, त्यांतले एक शाळेचे होते. जगाच्या पाठीवर कोठेही शाळा ही संकटसमयी उघडी असणारी वास्तू आहे, ही गोष्ट शाळेच्या हीरक महोत्सवात आठवावी अशी आहे.

मराठी माणसाला दूर जाणे नवे नाही. तंजावर, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे तो पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावला, तेव्हा मधली अंतरे मुक्कामांनी आणि नद्यांच्या उतारांनी मोजली जात. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा निघाल्या, त्या अशाच मुक्कामांवर. 'मातृभाषेत शिकलेले मूल दूर कसे जाईल?' ही शंका पालकांच्या मनात येते आणि ती स्वाभाविक आहे. तिचे उत्तर घोषणांनी देऊ नये. ज्या मुलाला गोलावर दोरा ताणून सरळ आणि वाकडे यांतील भेद स्वतःच्या भाषेत समजला, ज्याने उज्जैन आणि कुरुक्षेत्र यांवरून पृथ्वीचा परिघ स्वतः काढला, त्याला पुढे कोणत्याही भाषेतील नकाशा फसवू शकत नाही. दूर जाण्यासाठी लागते ती समज. तिकीट नंतर मिळते.

भास्कराचार्यांच्या ग्रंथात आणखी एक चित्र आहे. पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना राहणारी माणसे एकमेकांच्या सापेक्ष पाण्याकाठच्या माणसाच्या प्रतिबिंबासारखी असतात, पायाला पाय लावून उभी. तरीही दोघेही आपापल्या ठिकाणी नीट उभे असतात आणि कोणीही खाली पडत नाही. लंकेत सूर्य उगवतो तेव्हा पलीकडच्या सिद्धपुरात तो मावळतो. दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या घड्याळांतही उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तासांचे अंतर पडते. एका घरात दिवेलागणीची वेळ होते, तेव्हा दुसऱ्या घरात पहाट असते.

अनेक शाळांत पृथ्वीगोल कपाटाच्या माथ्यावर, धुळीत आणि मुलांच्या हातापासून दूर ठेवलेला असतो. या महोत्सवाच्या निमित्ताने एवढेच सुचवावेसे वाटते की, तो खाली काढून मुलांच्या हाताच्या उंचीवर ठेवावा आणि त्याच्याशेजारी एक दोरा असावा. ज्या नगरात एखाद्याची ताई, एखादीचा काका वा शाळेचा एखादा जुना विद्यार्थी राहतो, ते नगर मुलांनी शोधावे आणि दोरा ताणून पाहावा. अंतर किती, हे त्यांचे त्यांना कळेल. वाटेत कोठे कोठे उतरता येईल, हेही त्यांनी पाहून ठेवावे.